जागं ठेवून मेंदूला करंट देतात म्हणजे नक्की काय करतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठा भाऊ, वय चाळिशीच्या आसपास, शिरपूर तालुक्यात कपाशीची शेती, वर्षातले काही महिने कामाला सुरतला. शेतातच आकडी आली, एमआरआय केला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात हळू वाढणारी गाठ निघाली, बोलण्याच्या जागेला लागून. नाशिकचे सर्जन म्हणाले की जागं ठेवून ऑपरेशन करू, मेंदूला बारीक करंट देऊन बोलायची जागा शोधू आणि ती वाचवून गाठ काढू. घरी आल्यावर माय म्हणते कवटी उघडी, पोरगा जागा आणि वरून करंट, हे मी होऊ देणार नाही. सुरतचे पाहुणे म्हणतात तिकडे झोपवूनच करतात. वहिनींनी कुठला तरी व्हिडिओ पाहिलाय, त्यांना शंका की करंट दिल्यावर मनातलं सगळं बाहेर येतं का. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीये ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, की भाऊ घरात अहिराणीच बोलतो, डॉक्टरांसमोर मराठी बोलताना अडखळतो, तर त्या टेस्टमधे तो नापास तर होणार नाही ना.

आधी मी कोण ते सांगतो. मी सर्जन नाही, न्यूरोफिजिऑलॉजीवाला. असल्या ऑपरेशनमधे पेशंटच्या तोंडासमोर बसून चित्रं दाखवणारा, मेंदूवर ठेवलेल्या पट्टीचे ग्राफ बघणारा आणि "थांबा, अडकला" असं सर्जनला सांगणारा जो माणूस असतो ना, तो मी. गाव एरंडोलकडचं, त्यामुळे अहिराणी घरचीच. भावाचे फोटो मी पाहिलेले नाहीत म्हणून ऑपरेशन करा की नका करू यावर मी बोलणार नाही, ते तुमचे सर्जन ठरवतील. करंटबद्दल मात्र सगळं सांगतो, लांबेल जरा.

आईंपासून सुरू करू कारण त्यांचं समाधान झाल्याशिवाय तुम्ही नाशिकला जाणार नाही हे दिसतंय. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे खरंच आहे, समजूत काढायला म्हणत नाहीये. दुखणं कळतं ते कातडीला, कवटीवरच्या पडद्याला आणि मेंदूभोवतीच्या जाड आवरणाला. म्हणून डोक्याकडे येणाऱ्या नसांना दोन्ही बाजूंनी सुया देऊन बधिर करतात, दात काढताना हिरडीत देतात त्याच जातीचं औषध, फक्त जास्त वेळ टिकणारं. आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत टक्क जागा नसतो. बऱ्याच ठिकाणी कवटी उघडेपर्यंत झोपेचं औषध चालू असतं, मग ते बंद करून हळूहळू जागं करतात, मॅपिंग (म्हणजे करंटने बोलण्याच्या जागा शोधणं) आणि गाठ काढण्याचा नाजूक भाग झाला की पुन्हा झोपवून टाके घालतात. काही भूलतज्ज्ञ पूर्ण झोपवतच नाहीत, नुसतं गुंगीत ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, आपल्या टीमला जी हातखंडा आहे ती करू द्यावी. खरा त्रास विचाराल तर एका कुशीवर तासन्‌तास पडून राहणं, डोकं क्लॅम्पमधे घट्ट असल्याने मान न हलवता येणं, तोंडाला कोरड पडणं, लघवीच्या नळीची चुळबुळ आणि ऑपरेशन थिएटरमधली, म्हणजे ओटीतली, थंडी. पेशंट नंतर तक्रार करतात ती याच गोष्टींची, डोक्याची फार कमी.

आता करंट. घरातल्या बोर्डाचा शॉक आणि हा करंट यांचा काही संबंध नाही. पेनासारखा एक प्रोब असतो, पुढे दोन बारीक गोल टोकं, दोन्हीत साधारण ५ मिलिमीटर अंतर. करंट एका टोकातून निघून दुसऱ्या टोकात जातो, म्हणजे मेंदूचा जेमतेम तेवढाच ठिपका त्याच्या कक्षेत येतो. जाग्या पेशंटला बहुतेक वेळा १ ते ६ मिलिअँपिअर पुरतं, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा एक-एक मिलिसेकंदाच्या आसपासचे ठोके, आणि एका वेळी फार तर चारेक सेकंद. प्रोब उचलला की परिणाम संपला.

आणि इथे एक गैरसमज असतो जो वहिनींच्याच नाही तर शिकलेल्या लोकांच्याही डोक्यात असतो, की करंट दिला की ती जागा "चालू" होते. हातापायाच्या बाबतीत हे खरं आहे, हालचालीच्या पट्ट्यावर दिला की बोट हलतं, तोंड वाकडं होतं, संवेदनेच्या पट्ट्यावर दिला की पेशंट सांगतो अंगठ्याला मुंग्या आल्या. पण बोलण्याच्या जागेवर दिला तर तो बोलायला लागत नाही, उलट बोलता बोलता बंद पडतो. लग्नाच्या वरातीत दोन माणसं गप्पा मारतायत आणि शेजारी डीजे सुरू झाला तर त्यांचं बोलणं जसं तुटतं तसं समजा, त्यांना काही झालेलं नसतं, आवाज थांबला की पुन्हा सुरू. त्या चार सेकंदांत त्या ठिपक्याचं काम आपण मुद्दाम बिघडवतो आणि बघतो की याच्याविना भाऊचं चालतं का. चाललं तर ती जागा गरज पडल्यास काढता येईल, नाही चाललं तर तिला हात लावायचा नाही. त्यामुळे मनातलं बाहेर येण्याची भीती सोडा. कॅनडातल्या माँट्रियलमधे वाइल्डर पेनफील्ड नावाचे सर्जन होते, त्यांच्या आकडीच्या काही पेशंटना कानशिलामागच्या भागात करंट दिल्यावर जुनं गाणं ऐकू आल्यासारखं, जुना प्रसंग दिसल्यासारखं झालं, त्यावरूनच हे सगळे व्हिडिओ बनतात. पण त्यांच्याकडेही असे पेशंट फार थोडे होते, आणि ते स्वतः सांगत होते काय दिसतंय ते, कुणी गुपित काढून घेत नव्हतं.

आईंची भीती अगदीच निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. या पद्धतीची सुरुवात चांगली नाहीये. १८७० मधे बर्लिनमधे फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला करंट देऊन दाखवलं की विरुद्ध बाजूचा पाय हलतो, तोपर्यंत मेंदूचा वरचा थर विजेला दाद देत नाही असंच मानत होते. चारच वर्षांनी, १८७४ मधे, अमेरिकेत सिनसिनाटीला बार्थोलो नावाच्या डॉक्टरने मेरी रॅफर्टी नावाच्या बाईच्या उघड्या पडलेल्या मेंदूत सुया घालून करंट वाढवत नेला, तिला जोरात आकडी आली आणि काही दिवसांत ती गेली. त्या काळातही डॉक्टर मंडळींनीच त्याच्यावर टीका केली. पुढे जर्मनीत फोर्स्टर आणि त्यांच्याकडे शिकलेले पेनफील्ड यांनी हे उपचाराच्या कामाला लावलं, पेशंटच्या फायद्यासाठी, त्याच्याशी बोलत बोलत. शरीराचा वेडावाकडा माणूस मेंदूवर पसरलेला, हात आणि ओठ अवाढव्य, ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल, ते पेनफील्ड आणि बोल्ड्रे यांच्या १९३७ च्या कामातून आलंय. म्हणजे जे भावाला करायचं म्हणतायत ते काल-परवाचं फॅड नाही.

मग पुस्तकात नकाशा छापलेला असताना प्रत्येकाला पुन्हा का शोधायचं? कारण बोलण्याच्या बाबतीत तो नकाशा भरवशाचा नाही. १८६१ मधे ब्रोका यांनी डाव्या कपाळामागची जागा दाखवली ती आजही शिकवतात, पण १९८९ मधे सिअ‍ॅटलच्या ओजमन आणि सहकाऱ्यांनी ११७ पेशंटचं करंटने केलेलं मॅपिंग एकत्र मांडलं त्यात दिसलं की बोलायला अत्यावश्यक जागा बहुतेकांत एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या छोट्या छोट्या तुकड्यांत असतात आणि ते तुकडे नेमके कुठे, हे माणसागणिक बदलतं. एकाच्या ब्रोकाच्या जागेवर करंट देऊन काहीच होत नाही आणि दुसऱ्याचं दोन सेंटिमीटर मागे बंद पडतं. त्यात हळू वाढणारी गाठ असेल तर मेंदू वर्षानुवर्षं कामं इकडून तिकडे सरकवत आलेला असतो, मग पुस्तकाचा आणखीनच उपयोग नाही.

फंक्शनल एमआरआय करून का भागत नाही हेही विचारलंय कुणीतरी. तो करावा, मदत होते. पण तो दाखवतो की बोलताना कुठे कुठे रक्त जास्त गेलं, म्हणजे कामात कोण कोण सामील होतं. सामील असणं वेगळं आणि त्याच्याविना अडणं वेगळं. शिवाय गाठीजवळच्या रक्तवाहिन्या नीट वागत नाहीत त्यामुळे जिथे काम चालू आहे तिथेही फोटो कोरा दिसू शकतो, आणि आवरण उघडल्यावर मेंदू थोडा खचतो-सरकतो त्यामुळे आधीच्या फोटोचं माप चुकतं. डोक्यावर बाहेरून चुंबक धरून करतात ते टीएमएस हातापायासाठी चांगलं आहे, बोलण्यासाठी त्यावर एकट्यावर विसंबून कापाकापी करायची माझी तरी तयारी नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. भाऊ कुशीवर, अंगावर गरम हवेची चादर, चेहऱ्यासमोरचा पडदा पारदर्शक, त्यातून मी दिसतो आणि माझ्या हातातला स्क्रीन दिसतो. त्याचं कापलेलं डोकं त्यालाही दिसत नाही आणि मलाही नाही. जागा झाल्यावर पहिल्यांदा नाव, गाव, जेवलास का अशा गप्पा, कारण भुलीच्या गुंगीत घेतलेली टेस्ट फुकट. मग सर्जन एक ते वीस मोजायला सांगतात आणि मोजत असताना करंट हळूहळू वाढवतात, अर्धा-एक मिलिअँपिअर करत. मी मेंदूवरच्या पट्टीचा ग्राफ बघत असतो, करंट थांबल्यावरही खालच्या पेशी आपल्या आपण फडफडत राहिल्या तर तो करंट जास्त झाला, एक पायरी खाली यायचं. हे बघितलं नाही तर चूक करंटच्या जागेमुळे झाली की पसरलेल्या फडफडीमुळे हे कळायला मार्गच नाही.

करंट ठरला की चित्रं. दर चारेक सेकंदाला एक. प्रत्येक चित्राला नुसतं नाव नाही, पूर्ण वाक्य म्हणायचं, "हा बैल आहे". यात खुबी आहे. "हा…" म्हणून पुढचा "बैल" सापडलाच नाही आणि "आहे" मात्र आलं, तर तोंड, जीभ, आवाज ठीक आहेत, नाव शोधायची जागा अडली. सगळंच बंद झालं तर बोलणंच थांबलं, मग लगेच जीभ बाहेर काढायला, हलवायला सांगून बघायचं की जिभेचा स्नायू अडला की भाषा. बैलाला गाय म्हणाला तर अर्थाची गल्लत, वांग्याचं गांवं झालं तर आवाजाची. या दोन गल्लतींना सर्जनच्या लेखी वेगवेगळा अर्थ आहे, खोलवर गेल्यावर पहिली एका दोरीजवळ (म्हणजे निरोप नेणाऱ्या आतल्या तंतूंजवळ) होते आणि दुसरी दुसऱ्या दोरीजवळ, त्यामुळे मी नुसतं "चुकला" म्हणून चालत नाही, कसा चुकला ते सांगावं लागतं. करंट कधी दिलाय हे भाऊला कळत नाही, प्रोब चित्राच्या जरा आधी टेकवतात, लागोपाठ त्याच जागी पुन्हा देत नाहीत, फिरून फिरून प्रत्येक जागा निदान तीनदा तपासतात. तीनपैकी दोनदा अडला तर ती जागा खरी, तिथे निर्जंतुक कागदाचा छोटा नंबर ठेवतात. एकदाच अडला तर तो दमला असेल, लक्ष गेलं असेल.

आणि आता अहिराणी. तुमचा प्रश्न "नापास होईल का" असा आहे, तर टेस्टमधे पास-नापास नसतंच. आदल्या दिवशी, म्हणजे डोकं शाबूत असताना, सगळी चित्रं त्याला दाखवतात आणि जी पटकन, न अडखळता, दोन-तीनदा एकाच नावाने सांगितली तेवढीच ठेवतात. बाकीची फेकून द्यायची. परदेशी संचात बीव्हर, इग्लू, हार्प असलं काय काय असतं, ते शिरपूरच्या माणसाला दाखवून तो गप्प बसला तर त्याचा मेंदू अडला की आपली अक्कल अडली? आमच्याकडे मी वखर, तिफण, विळा, टोपलं, जातं, कंदील, मोट असले फोटो घालून ठेवलेत, पण मोटही आता चाळिशीच्या माणसाला आठवत नाही, मोटर म्हणतात. म्हणजे संचही माणसागणिक.

आपल्याकडे एक जास्तीची भानगड आहे जी मुंबई-पुण्याच्या टेस्ट घेणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. अहिराणीत ळ चा य होतो, डोळ्याला डोया म्हणतात. तिकडे यावल-रावेरच्या लेवा बोलीतही तेच. आता ओटीमधे डोळ्याचं चित्र आलं, भाऊ जागेपणी, ताणात, आपोआप "डोया" म्हणाला आणि समोर बसलेल्या नागपूरच्या किंवा केरळच्या मुलीने त्याला आवाजाची गल्लत म्हणून टिक केलं, तर चांगली जागा "नाजूक" ठरली आणि तिथली गाठ उगाच मागे राहिली. उलटंही होतं, खरंच शब्द बिघडला आणि टेस्टरला वाटलं असेल त्यांच्याकडे असंच बोलत. दुसरी चूक जास्त महागात पडते. म्हणून वाक्यसुद्धा त्याच्याच बोलीतलं ठेवावं, "हाऊ बैल शे". "शे" आला आणि बैल नाही आला हे ज्याला अहिराणी कळते त्यालाच त्या क्षणी कळेल.

मग चारही भाषा तपासायच्या का, अहिराणी, मराठी, हिंदी आणि सुरतची गुजराथी? ओजमन आणि व्हिटेकर यांनी १९७८ मधेच दोन भाषा येणाऱ्या पेशंटमधे दाखवलं होतं की काही जागांवर दोन्ही भाषा अडतात आणि काही जागांवर एकच, म्हणजे मराठीत सगळं सुरळीत निघालं म्हणून अहिराणी वाचली असं धरून चालता येत नाही. पण जाग्या माणसाचा दम तास-दोन तासांचा, त्यानंतर तो चित्रांना कंटाळतो, चुका वाढतात आणि त्या चुका कशाच्या हे कळत नाही. म्हणून निवड करावी लागते. माझं मत विचाराल तर आईशी, बायको-पोरांशी ज्या भाषेत बोलतो ती पहिली आणि पोट ज्या भाषेवर आहे ती दुसरी. भावाच्या बाबतीत अहिराणी आणि हिंदी असेल असं मला वाटतं, पण हे त्याला विचारा, मला किंवा सर्जनला नाही. वाचता येत असेल तर थोडं वाचायलाही लावतात, कारण वाचण्याची जागा वेगळी सापडू शकते.

जाता जाता, पेपरात फोटो येतात ना की पेशंट ऑपरेशन चालू असताना हनुमान चालीसा म्हणत होता, गिटार वाजवत होता. माणूस शांत राहतो म्हणून चालीसा उत्तम, भाऊला म्हणायची असेल तर जरूर म्हणू द्या. पण पाठ असलेलं म्हणणं ही भाषेची टेस्ट नाही. लकव्याने बोलणं गेलेली माणसंही पुष्कळदा आरती, आकडे, शिव्या घडाघडा म्हणतात आणि ग्लास मागता येत नाही. नुसता चालीसावर नकाशा काढला असं कुणी सांगितलं तर मी तरी दुसरं हॉस्पिटल बघेन.

सुरतच्या पाहुण्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गाठ हातापायाच्या हालचालीच्या पट्ट्याजवळ असेल तर झोपवूनही करंटने मॅपिंग होतं, पाच-पाच ठोक्यांची झटपट माळ देतात आणि स्नायूंत लावलेल्या सुयांवर उत्तर उमटतं, पेशंटला पत्ताही नसतो. गाठ काढत आत जाताना याच पद्धतीत ढोबळ हिशोब धरतात की जितक्या मिलिअँपिअरला हात हलला साधारण तितके मिलिमीटर दोरी लांब आहे. पण झोपलेला माणूस बोलत नाही, त्यामुळे बोलण्याची जागा झोपेत अशी शोधता येत नाही. तिकडच्या पेशंटची गाठ कुठे होती ते विचारा, उत्तर तिथेच मिळेल.

आणि जाग्या मॅपिंगचं अर्धं काम तर वरचे नंबर ठेवून झाल्यावर सुरू होतं. फ्रान्समधे माँपेलिएला द्युफो नावाचे सर्जन आहेत, त्यांनी हे फार लावून धरलं की वरच्या थरापेक्षा आतल्या पांढऱ्या दोऱ्या, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणारे तंतू, जास्त जपायला हवेत, कारण वरची जागा गेली तर मेंदू काही वेळा दुसरीकडे सोय करतो, दोरी तुटली की सोय होणं अवघड. म्हणून सर्जन गाठ काढत आत जात असताना भाऊ बोलतच राहतो, सोबत उजवा हात वर-खाली करत राहतो, आणि जरा अडखळला की थांबून तिथे करंट देऊन बघतात. तीच जागा निघाली की ती गाठ काढायची हद्द, मग फोटोत पलीकडे गाठ दिसत असली तरी. ती मागे सोडलेली गाठ बघून नंतर नातेवाईक म्हणतात अर्धवटच काढली. मुद्दाम सोडलेली असते.

टेबलावर आकडी येऊ शकते का, हो. करंटमुळेच येते, आणि भावाला आधीच आकडीचा त्रास आहे. त्यासाठी बर्फात ठेवलेलं सलाईन सर्जनच्या हाताशी तयार असतं, ते थेट मेंदूवर ओतलं की बहुतेक वेळा काही सेकंदांत फडफड थांबते. नाही थांबली तर औषध, क्वचित पूर्ण झोपवून पुढचं काम. या खोलीत आकडी आलेली बरी असं मी पेशंटना सांगतो, विहिरीच्या काठावर येण्यापेक्षा. (भाऊला तोवर ट्रॅक्टर, मोटरसायकल, विहीर, शेततळं सगळं बंद, आणि आकडीत चप्पल-कांदा हुंगवू नका, कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका.)

फायदा किती याचे आकडे विचारलेत. २०१२ मधे ९० अभ्यास एकत्र करून ८,०९१ पेशंटचा हिशोब मांडला गेला होता, ग्लायोमा नावाच्या, म्हणजे मेंदूच्याच पेशींतून वाढणाऱ्या गाठींचा. करंटने मॅपिंग केलेल्यांत मोठा आणि टिकून राहिलेला दोष ३.४ टक्क्यांत, न केलेल्यांत ८.२ टक्क्यांत, आणि मॅपिंगवाल्यांत गाठही जास्त निघाली होती. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला हा अभ्यास नाही, वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे आकडे आहेत, तरी फरक दुर्लक्ष करण्याएवढा लहान नाही. २००८ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमने २५० पेशंट मांडले, त्यात ५८ टक्क्यांतच बोलणं अडणारी जागा सापडली, बाकीच्यांत सापडलीच नाही, आणि तरी सहा महिन्यांनी बोलण्यात दोष राहिलेले फक्त १.६ टक्के होते. म्हणून टेबलावर कुठेच अडला नाही तर मशीन बिघडलं असं समजू नका. अर्थात हे आकडे मुरलेल्या टीमचे आहेत, तुमच्या सर्जनला सरळ विचारा की त्यांच्याकडे अशी ऑपरेशनं नेहमी होतात का, चित्रं कोण दाखवणार, ग्राफ कोण बघणार. चांगला सर्जन यावर चिडत नाही.

एक गोष्ट मात्र घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस बोलणं आधीपेक्षा वाईट होणं हे खूप कॉमन आहे, सुजेमुळे. आणि गाठ पुढच्या भागात आतल्या, मधल्या बाजूला असेल तर असंही होतं की माणूस ओटीतून बोलत बोलत येतो आणि थोड्याच वेळात एकदम मुका, उजवा हात उचलत नाही, सांगितलेलं कळतं पण सुरुवातच करता येत नाही. बाहेर रडारड होते, डॉक्टरांनी वाटोळं केलं म्हणून. ती जागा हालचालीची आणि बोलण्याची सुरुवात करून देणारी असते, आणि हालचालीचा मुख्य पट्टा शाबूत असेल तर हे काही आठवडे ते काही महिन्यांत बहुतांश भरून येतं. भावाची गाठ त्या जागेपर्यंत जाते का हे आधीच विचारून घ्या.

आणि नुसतं बोलणंच वाचवायचं असंही धरू नका. पेनफील्ड यांनी १९२८ मधे आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढली, उजव्या बाजूची, म्हणजे बोलण्याला धक्का नाही. बाई बोलायची-चालायची नीट, पण वर्षभराने घरच्या चार-पाच माणसांचा स्वयंपाक करायला उभी राहिली तर सामान समोर असूनही काय आधी काय नंतर हे तिला ठरवता येईना. आपल्याकडे अजूनही उजव्या गाठीला "काही टेन्शन नाही" म्हणणारे आहेत. भावाची डावी आहे, तरी तो खतं-औषधांचा हिशोब, मजुरांची हजेरी हे आधी कसं करायचा ते टीमला सांगा, म्हणजे तेही आधी आणि नंतर तपासून बघता येतं.

आता घरी करायचं ते. भाऊ उजवा की डावखुरा हे सांगायला विसरू नका, उजव्या हाताने काम करणाऱ्यांत ९५ टक्क्यांच्या वर लोकांचं बोलणं डाव्या मेंदूत असतं, डावखुऱ्यांत साधारण ७० टक्क्यांचं. मोबाईलवर घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या वस्तूंचे शंभरेक फोटो काढा, एका फोटोत एकच वस्तू, मागे पसारा नको, आणि जिला घरात दोन नावं आहेत ती घेऊ नका. कपाशीच्या बोंडाचा फोटो आमच्याकडे कायम गोंधळ घालतो, कुणी बोंड म्हणतं कुणी कापूस कुणी कपाशी. भाऊ ते फोटो बघून अहिराणीत नावं सांगतोय याचा व्हिडिओ करा, दोन वेगवेगळ्या दिवशी. ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत तो टेस्ट घेणाऱ्याला द्या आणि सांगा की आमच्याकडे असं बोलतात. हॉस्पिटलमधे धुळे-जळगावकडची सिस्टर किंवा वॉर्डबॉय असेल तर विचारा, टीमची हरकत नसेल तर तो माणूस ओटीत मदतीला उभा राहू शकतो, असं होतं, लोक आनंदाने येतात. नातेवाईकांना सहसा आत घेत नाहीत आणि घेऊही नये, भाऊ अडखळला की तुमचं तोंड बघून तो घाबरेल.

बिडी-तंबाखू आजपासून बंद, ऑपरेशनमधे खोकला आला की मेंदू फुगून वर येतो आणि सगळं थांबवावं लागतं. रात्री मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, त्यावरून त्यांचा प्लॅन बदलू शकतो. घरी रोज थोडा वेळ एका कुशीवर न हलता पडून राहायची सवय करायला सांगा, हसण्यावारी नेऊ नका याला. खर्चाचं म्हणाल तर जन आरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून लेखी काढून घ्या, मॅपिंगचा आणि मॉनिटरिंगचा चार्ज त्यात आहे की वेगळा हे खास विचारा. आणि आकडीच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या की नाही हे भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या, कारण "काही खायचं-प्यायचं नाही" म्हटलं की आपल्याकडे लोक गोळीही बंद करतात.